शेवटून पहिला आणि वरून तिसरा

सांता क्लारात लिव्हाइज स्टेडियमच्या आसपास राहणाऱ्याला अमेरिकी फुटबॉल टाळायचा म्हटला तरी टळत नाही. सामन्याच्या रविवारी रस्ते तुंबतात, कोथिंबीर आणायला निघालेला माणूस लाल जर्सीच्या गर्दीत अडकतो आणि सोमवारी ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी दुसरा विषय नसतो. पहिली काही वर्षं मी नुसती मान डोलावली. ‘हाताने खेळतात त्याला फुटबॉल कशाला म्हणायचं’ हा आपला ठरलेला विनोदही करून पाहिला, कुणी हसलं नाही. मग एकदा तिथे एक वाद रंगला आणि मी त्यात ओढला गेलो, कारण तो वाद खेळाचा नव्हताच, हिशेबाचा होता.

वाद असा. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स हा आमच्या भागातला संघ. लोक लाडाने ‘नाइनर्स’ म्हणतात. त्यांनी २०२१ मध्ये ट्रे लान्स हा खेळाडू तिसऱ्या क्रमांकावर, प्रचंड किंमत मोजून घेतला. पुढच्या वर्षी ब्रॉक पर्डीला घेतलं २६२व्या क्रमांकावर. त्या वर्षी एकूण निवडी २६२च होत्या, म्हणजे निकालाच्या दिवशी आपल्याकडे म्हणतात तसा शेवटून पहिला. दोघं एकाच जागेवर खेळणारे. वरून तिसरा चालला नाही आणि शेवटून पहिल्याने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. आता सांगा, या संघाला माणसं निवडता येतात की नाही? एक सहकारी म्हणायचा, यांच्याइतके अडाणी कुणी नाहीत. दुसरा म्हणायचा, यांच्यासारखे पारखी नाहीत. माझ्या मते दोघांचंही चुकत होतं. का, ते सांगायचं तर थोडं मागून सुरू करायला हवं.

एनएफएल ही अमेरिकी फुटबॉलची व्यावसायिक लीग. संघ ३२. कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू हे संघ दर एप्रिलमध्ये आपसांत वाटून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. इथे आयपीएलचा लिलाव डोळ्यांसमोर आणू नका. लिलावात ज्याच्या खिशात पैसा उरलाय तो बोली चढवतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. गेल्या हंगामात तळाला राहिलेला संघ पहिला आणि विजेता सगळ्यात शेवटी, अशा सात फेऱ्या. मागच्या पंगतीत ज्याच्या पानात काही पडलं नाही त्याला या वेळी आधी वाढायचं, असा हा न्याय. तीन दिवसांत साधारण २६० जणांचा नंबर लागतो. तुला कुठे जायचंय, असं खेळाडूला कुणी विचारत नाही.

ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. त्यांचा संघ हरायचा, हरणाऱ्या संघाकडे चांगले खेळाडू फिरकायचे नाहीत, म्हणून पुन्हा हरायचा. १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला आणि पहिली पाळी बेल यांच्याच संघाची आली. त्यांनी जे बर्वँगर हा कॉलेज फुटबॉलमधला तेव्हाचा सर्वांत गाजलेला गडी निवडला. हा गडी व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. ड्राफ्टच्या इतिहासातली पहिलीच निवड वाया गेली, हे मला फार आवडतं.

आता मुद्द्याची गोष्ट. या बाजारात पैशाचं काम क्रमांक करतात. तुमची पाळी पाचवी असेल आणि तुम्हाला दुसरी हवी असेल, तर दुसऱ्या क्रमांकावरच्या संघाला तुमची पाचवी पाळी आणि वर आणखी काही पाळ्या द्यायच्या, या वर्षीच्या किंवा पुढच्या. पण किती द्यायच्या? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइज संघाने यासाठी एक तक्ता बनवला. तो प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखला जातो. पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, तिसऱ्याला २२००, दहाव्याला १३००, आणि पहिल्या फेरीच्या शेवटी, ३२व्या क्रमांकाला ५९०. ज्यांनी महाराष्ट्रात फ्लॅट घेतलाय त्यांना एका शब्दात सांगतो: हा ड्राफ्टचा रेडी रेकनर. सौदा त्याच्या आधाराने सुरू होतो आणि खरा भाव वेगळाच असतो हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

या रेडी रेकनरवर लान्सचा सौदा मांडून पाहू. २०२१ मध्ये नाइनर्सची पाळी बारावी होती. तिसऱ्या क्रमांकावर जाण्यासाठी त्यांनी मायामी डॉल्फिन्सला ती बारावी पाळी दिली, शिवाय २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या पाळ्या दिल्या आणि वर तिसऱ्या फेरीतली एक. बाराव्या क्रमांकाचे गुण १२००. पुढच्या दोन्ही पाळ्या अखेरीस २९व्या क्रमांकाच्या निघाल्या, म्हणजे प्रत्येकी ६४०. तिसऱ्या फेरीतलीचे ९२. बेरीज २५७२, आणि पदरात पडले २२००. महाग आहे, पण पुढच्या वर्षांच्या पाळ्या आजच्यापेक्षा स्वस्त धरायची रीत आहे. ती धरली तर तक्ता म्हणतो, चला, ठीक आहे. पहिली खोच इथेच आहे. तक्त्यात सौदा बसला याचा अर्थ तो शहाणपणाचा होता असा होत नाही. सगळा बाजारच एखादी वस्तू चढ्या भावाने घेत असेल, तर तुम्ही बाजारभावाने घेऊनही फसता.

बाजार खरंच चढा होता का, याचा अभ्यास झालाय. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन संशोधकांनी अनेक वर्षांचे ड्राफ्ट तपासले. थेलर म्हणजे २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले, माणसं पैशाबाबत कशी गफलत करतात हे आयुष्यभर शोधणारे. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. एखाद्या जागेसाठी एक खेळाडू निवडला गेला, त्याच जागेचा त्याच्या लगेच नंतरचा दुसरा कुणीतरी निवडला. आधी निवडलेला पुढे सरस निघतो, असं किती वेळा होतं? उत्तर आलं साधारण ५२ टक्के. नाणेफेक करून पन्नास टक्के येतात. वर्षभर कॉलेजांच्या मैदानांवर फिरणारे निरीक्षक, इंडियानापोलिसमधल्या धावण्या-उड्यांच्या चाचण्या, डॉक्टरांच्या तपासण्या, मुलाखती, एवढ्या सगळ्या खटाटोपाची नाण्यावरची आघाडी दोन टक्क्यांची.

म्हणजे निरीक्षक निरुपयोगी, असं नाही. पहिल्या फेरीतले खेळाडू सरासरीने सहाव्या फेरीतल्यांपेक्षा बरेच चांगले निघतात. ढोबळ चाळण लागते. पण चाळणीत उरलेल्या, एकमेकांशेजारी उभ्या दोन-तीन जणांमधून नेमका हिरा उचलता येतो, हा विश्वास पोकळ आहे, आणि ‘हाच पाहिजे’ म्हणून वर सरकणारा संघ किंमत मोजतो ती या विश्वासाचीच. त्यामुळे मॅसी-थेलर यांचा सल्ला थोडक्यात असा, की वर चढू नका, खाली उतरा, आणि एका पाळीच्या बदल्यात दोन मिळवा.

इथे एक पोटहिशेब आहे. त्यांची आकडेवारी जुन्या पगारांच्या काळातली. तेव्हा वरच्या क्रमांकांना अफाट पगार द्यावा लागे. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा सहा वर्षांचा करार ७.८ कोटी डॉलरचा होता. त्यातले ५ कोटी पक्के, खेळो न खेळो. २०११ मध्ये नियम बदलले आणि त्या वर्षीचा पहिला, कॅम न्यूटन, चार वर्षांसाठी २.२ कोटीत आला. तेव्हापासून वरचे क्रमांक पूर्वीइतके तोट्याचे राहिले नाहीत. पण ५२ टक्क्यांचा आकडा पगाराच्या नियमांवर अवलंबून नव्हता. पारख तेवढीच कच्ची राहिली.

मग नाइनर्ससारखा हुशार संघ तरी वर का चढला? कारण जागा क्वार्टरबॅकची होती. आपल्याकडच्या वाचकासाठी सांगायचं तर प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू याच्या हातात येतो. समोरून शंभर-सव्वाशे किलोचे गडी अंगावर धावत असताना साधारण तीन सेकंदांत तो कुणाला द्यायचा हे यानेच ठरवायचं. क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज शून्यावर गेला तर बाकी दहा असतात. इथे हा एकटा ढेपाळला की उरलेले धावून धावून थकतात. नाइनर्सकडे तेव्हा जिमी गारोपलो होता, बरा होता, पण २०१८ आणि २०२० चे बहुतेक हंगाम त्याने दुखापतीत घालवले होते. बाकीचा संघ तयार होता. २०१९ च्या हंगामात अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, खेळून आलेला. सरव्यवस्थापक जॉन लिंच आणि प्रशिक्षक काइल शॅनाहन यांना वाटलं, एवढी एक जागा भरली की झालं.

लान्सने नॉर्थ डकोटा स्टेट या लहान गटातल्या कॉलेजाकडून एकच पूर्ण हंगाम खेळला होता. तो मात्र थक्क करणारा. २०१९ मध्ये १६ सामने, १६ विजय, २८ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती एकही चेंडू गेला नाही. पुढच्या वर्षी कोविडमुळे त्याच्या वाट्याला एकच सामना आला. उंचापुरा, पळणारा, दूरवर फेकणारा. वय वीस. कुठल्याही निरीक्षकाला मोह पडावा असाच, आणि कुठल्याही हिशेबनीसाच्या पोटात गोळा यावा असाही, कारण पुरावा इतका थोडा.

पुढचं लवकर सांगतो. पहिल्या वर्षी तो दोनच सामने सुरुवातीपासून खेळला. २०२२ मध्ये संघ त्याच्या हवाली झाला आणि दुसऱ्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नाइनर्सनी त्याला डॅलसला देऊन टाकलं, चौथ्या फेरीतल्या एका पाळीच्या बदल्यात. पहिल्या फेरीतल्या तीन पाळ्या आणि वर एक देऊन घेतलेला गडी सुरुवातीपासून चारच सामने खेळून गेला.

या बातमीला एक खवचट शेपूट आहे. नाइनर्सनी दिलेली ती मूळची बारावी पाळी मायामीकडून ईगल्सकडे गेली आणि ईगल्सकडून डॅलसकडे. डॅलसने तिच्यावर मायका पार्सन्सला घेतलं. प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकला आडवं करण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे निघाले. म्हणजे २०२३ मध्ये डॅलसच्या एकाच मैदानावर लान्सही सरावाला आणि लान्सपायी सोडलेल्या पाळीचा गडीही. कॉफीच्या यंत्रापाशी हा मुद्दा दर आठवड्याला निघायचा.

पण ‘लान्सऐवजी पार्सन्स मिळाला असता’ हा हिशेब चुकीचा आहे, आणि ड्राफ्टबद्दल बोलताना लोक सर्वांत जास्त याच हिशेबात घसरतात. आज आपल्याला निकाल माहीत आहे, म्हणून मागे वळून सर्वांत चांगलं नाव उचलायचं आणि म्हणायचं, हा समोर होता, घेतला का नाही? नाइनर्स बाराव्या क्रमांकावर थांबले असते तर त्यांनी पार्सन्सलाच घेतलं असतं याला आधार काय? न्याय्य तुलना करायची तर प्रश्न असा हवा: त्या दिवशी, त्या पाळीवर, शहाण्या माणसाने ज्यांचा विचार केला असता अशा चार-पाच जणांचं सरासरी काय झालं? त्या वर्षी पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले: ट्रेव्हर लॉरेन्स, झॅक विल्सन, लान्स, जस्टिन फील्ड्स आणि मॅक जोन्स. तीन वर्षांनी, २०२४ च्या एप्रिलअखेर, ज्याने निवडलं त्याच संघात टिकून राहिलेला एकटा लॉरेन्स. बाकी चौघांना त्यांच्या संघांनी सोडून दिलं होतं. लान्सच्या जागी दुसरा घेतला असता तरी फार फरक पडला असता असं दिसत नाही. लान्सला निवडणं ही चूक दुसऱ्या क्रमांकाची. पहिल्या क्रमांकाची चूक म्हणजे त्या ओळीतून एकाला आपण नेमका ओळखू शकतो असं मानून तीन वर्षांचं बियाणं एका वाफ्यात ओतणं.

शेतीचा दाखला आलाच आहे तर पुढे नेतो. पाऊस पडायच्या आधी कोरड्या रानात करतात ती धूळपेरणी. पाऊस वेळेवर आला तर पीक सगळ्यांच्या आधी डोकं काढतं आणि गाव म्हणतं, काय अंदाज आहे गड्याचा. आला नाही तर दुबार पेरणी, आणि तेच गाव म्हणतं, एवढी घाई नडली. शेतकरी तोच, निर्णय तोच, बदलला तो पाऊस. निर्णय कसा होता हे बघायचं तर पेरणीच्या दिवशीचं आभाळ बघायला हवं, सुगीच्या दिवशीचं खळं नव्हे. लान्सचा घोटा मोडणं हा पाऊस. तो कुणाच्या हाती नव्हता आणि त्याबद्दल मी लिंच-शॅनाहन यांना दोष देत नाही. मात्र सगळं बियाणं एकाच वाफ्यात ओतणं हे पेरणीच्या दिवशीचं होतं, आणि तो दोष त्यांच्या पदरी घालतो. तो घोटा शाबूत राहिला असता आणि लान्स गाजला असता, तरीही घातला असता. निदान घालायला हवा होता. खरं सांगायचं तर तेव्हा मीही बहुधा टाळ्याच वाजवल्या असत्या.

आता हीच फूटपट्टी पर्डीला लावू.

३० एप्रिल २०२२, ड्राफ्टचा तिसरा दिवस. शेवटच्या निवडीला तिथे ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात, म्हणजे ज्याच्यामुळे कुणाला काही फरक पडत नाही असा. १९७६ पासून त्याचा थट्टेचा सत्कारसमारंभही होतो. आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी हा २०२२ चा मिस्टर इररेलेव्हंट. डिसेंबरात गारोपलोचा पाय दुखावला, तोही नेमका मायामीविरुद्ध, आणि तिसऱ्या पसंतीचा पर्डी मैदानात उतरला. २०२३ मध्ये त्याने ४२८० यार्डांचे पास फेकले, संघाच्या इतिहासातला एका हंगामाचा विक्रम. फेब्रुवारी २०२४ मध्ये लास व्हेगासला संघ सुपर बोल खेळला आणि जादा वेळेत कॅन्सस सिटी चीफ्सकडून २२–२५ हरला.

मग पारखी कोण? थांबा. त्या ड्राफ्टमध्ये नाइनर्सनी नऊ जण घेतले आणि पर्डी त्यातला नववा. हा मुलगा अंतिम सामन्यापर्यंत नेईल याची पुसटशी जरी कल्पना असती, तरी त्याच्या आधी आठ जण घेतले असते का? आठ वेळा त्यांनी स्वतःच त्याला बाजूला ठेवलं. बाकी ३१ संघांनीही ठेवलं, म्हणून तो हाती लागला. टॉम ब्रेडीचंही तेच. २००० साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला सहाव्या फेरीत १९९व्या क्रमांकावर घेतलं. सात सुपर बोल जिंकणारा हा माणूस त्यांनी आधी ओळखला असता तर तोवर वाट पाहिली नसती. अशा निवडींमध्ये शाबासकीचा वाटा फार लहान असतो.

लहान असला तरी आहे, आणि तो कुठे आहे हे पाहण्यासारखं आहे. पर्डी कॉलेजात जवळजवळ चार हंगाम खेळला होता. लान्सकडे जो पुरावा नव्हता तो याच्याकडे ढिगाने होता, फक्त दिसण्या-धावण्यात चमक नव्हती. शेवटच्या पाळीवर असा माणूस घेणं हे लॉटरीचं बरं तिकीट. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑगस्टमध्ये संघ छाटायची वेळ आली तेव्हा नाइनर्सनी नेट सडफेल्ड या अनुभवी क्वार्टरबॅकला सोडलं आणि पर्डीला ठेवलं. पेट्रियट्सनेही २००० मध्ये ब्रेडीला जपायला चार क्वार्टरबॅक संघात ठेवले होते, जे सहसा कुणी करत नाही. ड्राफ्टच्या रात्री नशीब होतं. सरावाच्या मैदानावर तीन महिने बघून ‘हा राहू दे’ म्हणणं ही पारख. निवडीचं मोजमाप करताना लोक रात्रीला गुण देतात आणि ऑगस्टला विसरतात.

पैशाची बाजू राहिलीच, आणि खरी गंमत तिथे आहे. प्रत्येक संघाने वर्षाला पगारावर किती खर्च करायचा याला कमाल मर्यादा असते. २०२३ मध्ये ती २२.४८ कोटी डॉलर होती. नावाजलेला क्वार्टरबॅक त्यातले पाच कोटीही एकटा खातो. ड्राफ्टमधून आलेल्याचा पगार मात्र चार वर्षं त्याच्या क्रमांकाने बांधलेला, आणि तीन हंगाम होईपर्यंत करार बदलताच येत नाही. लान्सचा चार वर्षांचा करार ३.४१ कोटींचा, पर्डीचा ३७ लाखांचा. २०२३ मध्ये पर्डीचा मूळ पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर. आमच्याकडच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत वरच्या इंजिनिअरांना शेअर धरून याच्या आसपास मिळतं, त्यामुळे ऑफिसात त्याच्याबद्दल विलक्षण आपुलकी होती. वाचलेल्या पैशातून संघाने निक बोसाला पाच वर्षांचा १७ कोटींचा करार दिला. म्हणून निवडीची खरी किंमत ‘खेळाडू किती चांगला’ ही नसते. तो जेवढं काम करतो तेवढ्यासाठी बाजारात किती मोजावे लागले असते, वजा प्रत्यक्ष दिलेला पगार, ही असते. या हिशेबात २०२३ चा पर्डी हा लीगमधला सर्वांत स्वस्त सौदा म्हणायला माझी हरकत नाही.

या वजाबाकीतूनच कुठल्या जागेचा गडी घ्यावा हाही प्रश्न निघतो. चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक बाजारात तुलनेने स्वस्त मिळतो, मग त्याच्यावर वरची पाळी का घालवायची, असं आकडेवाले म्हणतात. २०२३ मध्ये डेट्रॉइट लायन्सने पहिल्या फेरीत जमीर गिब्ज हा रनिंग बॅक आणि जॅक कॅम्पबेल हा बचावातला मधला लाइनबॅकर घेतला, म्हणजे दोन्ही स्वस्त जागा. टीकाकार तुटून पडले. २०२४ च्या हंगामात गिब्जने एकूण २० टचडाउन केले. मला तत्त्व अजूनही बरोबर वाटतं, पण तत्त्वाला अपवाद झोडायचा अधिकार किती, याबद्दल मी आता थोडा सावध बोलतो.

ड्राफ्टच्या दुसऱ्याच दिवशी संघांना गुण देत छापून येणाऱ्या गुणपत्रिकांबद्दल मात्र सावध बोलायची गरज नाही. सिॲटल सीहॉक्सच्या २०१२ च्या ड्राफ्टला कुणी चक्क नापास केलं होतं. त्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत बॉबी वॅग्नर होता आणि तिसऱ्या फेरीत रसेल विल्सन. दोनच हंगामांत सीहॉक्सने सुपर बोल ४३–८ असा एकतर्फी जिंकला. त्या गुणपत्रिका खरं तर खेळाडूंना गुण देतच नाहीत. समीक्षकाची स्वतःची यादी आणि संघाची यादी किती जुळली, एवढंच त्यांत असतं.

मग बघायचं तरी काय? मी हल्ली एक पाळी न बघता अख्खी टोपली बघतो, आणि तीन वर्षं थांबतो. नाइनर्सची २०२१ ची टोपली घ्या. लान्स सोडून सात जण. दुसऱ्या फेरीतला ॲरन बँक्स पुढे रोजचा खेळाडू झाला. पाचव्या फेरीत १७२व्या आणि १८०व्या क्रमांकावर डिओमोडोर लेनोअर आणि टालानोआ हुफांगा. हुफांगा दुसऱ्याच वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात निवडला गेला. सहाव्या फेरीतला एलायजा मिचेल पहिल्या वर्षी ९६३ यार्ड धावला. ज्या ड्राफ्टला लोक लान्सचा सत्यानाश म्हणून ओळखतात, त्याचा तळ इतका भरलेला होता. आणि हे एकदाच घडलेलं नाही. जॉर्ज किटल २०१७ चा, पाचव्या फेरीतला, १४६वा. ड्रे ग्रीनलॉ २०१९ चा, १४८वा. एका पर्डीवरून मी कुणाला पारखी म्हणणार नाही, पण पाचव्या फेरीत वारंवार माणसं सापडत असतील तर तिथे काहीतरी खरं आहे. हा संघ तळातून शोधण्यात चांगला आहे आणि वरून उचलण्यात बेताचा.

वरच्याचा आणखी एक दाखला २०१७ चा. नाइनर्सची पाळी दुसरी होती. शिकागो बेअर्सने एकच पायरी वर यायला त्यांना तीन जादा पाळ्या दिल्या आणि मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं. रेडी रेकनरप्रमाणे नाइनर्सनी शिकागोला धुतलं. त्या जादा पाळ्यांपैकी एकीतून पुढच्या वर्षी फ्रेड वॉर्नर आला, संघाच्या बचावाचा कणा. सौद्याला पैकीच्या पैकी. पण हातातल्या तिसऱ्या क्रमांकावर त्यांनी सॉलोमन थॉमसला निवडलं, जो बेताचा निघाला. त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर चीफ्सने पॅट्रिक महोम्सला नेलं. लास व्हेगासच्या त्या जादा वेळेत शेवटचा टचडाउन पास फेकणारा तोच.

मे २०२५ मध्ये पर्डीचा नवा करार झाला, पाच वर्षांचा, २६.५ कोटी डॉलरचा. शेवटून पहिला आता स्वस्त राहिलेला नाही. त्याच्या थोडं आधी बँक्स, हुफांगा आणि ग्रीनलॉ तिघेही जास्त पैसे देणाऱ्या संघांकडे निघून गेले होते. तळातून सापडलेली माणसं मोठी झाली की त्यांना ठेवायला पैसा उरत नाही, म्हणून तळ पुन्हा भरावा लागतो. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये नाइनर्स कुणासाठीही पहिल्या फेरीत वर चढले नाहीत. त्यांनी तब्बल अकरा जण घेतले. मॅक जोन्स, ज्याला २०२१ मध्ये ते घेतील असं अनेकांना वाटलं होतं, तोही त्या वर्षी राखीव क्वार्टरबॅक म्हणून त्यांच्याकडे आला. आणि सातव्या फेरीत, २२७व्या क्रमांकावर, त्यांनी इंडियाना कॉलेजाचा कर्टिस रूर्क घेतला. आदला हंगाम गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला असताना खेळलेला. क्वार्टरबॅक.